१७६६३१९०४९ : एका संख्येची साक्ष

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातील चक्रवाल प्रकरणात एक उदाहरण आहे. कोणत्या वर्गास एकसष्टने गुणून त्यात एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो, असा प्रश्न तेथे एका मित्रास उद्देशून विचारला आहे. उत्तर दोन मुळांचे आहे : कनिष्ठ मूळ २२६१५३९८० आणि ज्येष्ठ मूळ १७६६३१९०४९. कनिष्ठाचा वर्ग करून त्यास ६१ ने गुणावे, एक मिळवावा, म्हणजे ज्येष्ठाचा वर्ग तंतोतंत मिळतो. ज्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा हा ग्रंथ एक भाग मानला जातो त्याची रचना शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये झाली.

प्रस्तुत लेखक गणिती नाही. भाषेचा अध्यापक आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकास जुन्या साधनांकडून साक्ष काढून घेण्याची सवय असते. एखाद्या रूपातील एक स्वर, एखादा अनपेक्षित प्रत्यय पाहून तो ज्या अवस्थेचे लेखी प्रमाण उरलेले नाही अशा अवस्थेविषयी अनुमान करतो. वर दिलेली दहा अंकी संख्या तशाच प्रकारचे एक साधन आहे, आणि माझ्या मते आपल्या गणितेतिहासात इतकी निःसंदिग्ध साक्ष देणारी साधने थोडीच आहेत. भारतीयांना अमुक ठाऊक होते की नव्हते या वादात स्तुतिपर श्लोक, परंपरागत कथा आणि अभिमानाची भाषणे यांचा फार भरणा झाला आहे. त्या सर्वांपेक्षा ही एक संख्या अधिक बोलते.

तिचे पहिले म्हणणे असे की, आपण चाचपडत सापडलेलो नाही. एकसष्टच्या आजूबाजूच्या संख्या पाहाव्या. साठ ही प्रकृती घेतली तर कनिष्ठ ४ आणि ज्येष्ठ ३१; कारण १६ × ६० + १ = ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. बासष्टला कनिष्ठ ८ व ज्येष्ठ ६३. दोन्ही उत्तरे कोणीही विद्यार्थी घटकाभरात शोधून काढील. मध्ये उभ्या असलेल्या एकसष्टला मात्र बावीस कोटी एकसष्ट लक्ष त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी याहून लहान कनिष्ठ मूळच नाही. एक, दोन, तीन असे क्रमाने घेऊन दर मिनिटास एक संख्या तपासणारा आणि रात्रंदिवस न थांबणारा गणक कल्पिला, तर त्यास सुमारे ४३० वर्षे लागतील. इ. स. ११५० मध्ये त्याने आरंभ केला असता तर तो १५८० च्या सुमारास उत्तरापाशी पोचला असता. म्हणून ज्या ग्रंथात हे उत्तर आहे त्या ग्रंथापाशी रीत होती, हे सिद्ध करण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. सुदैवाने येथे रीतही सांगितलेली आहे.

या प्रकारच्या प्रश्नास भारतीय ग्रंथकार ‘वर्गप्रकृती’ म्हणतात. ज्या संख्येने वर्गास गुणावयाचे ती प्रकृती, जो मिळवावयाचा तो क्षेप. व्याकरण शिकलेल्या वाचकास ‘प्रकृती’ हा शब्द भेटताच प्रत्यय आठवतो, आणि येथे ती आठवण अगदी अस्थानी नाही : प्रकृती स्थिर, तिला येऊन लागणारा क्षेप बदलता. गुणावयाच्या वर्गाचे मूळ ते कनिष्ठ किंवा ह्रस्व, आणि फलाच्या वर्गाचे मूळ ते ज्येष्ठ. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त या विषयाचा पाया घातला. क्षेपासहित मुळांच्या दोन जोड्या हाती असल्या, तर त्यांपासून तिसरी जोडी निर्माण करता येते, हा त्याचा शोध. पहिल्या जोडीचे ज्येष्ठ व दुसरीचे कनिष्ठ असे वज्राकार तिरकस गुणून दोन्ही गुणाकारांची बेरीज केली की नवे कनिष्ठ येते. ज्येष्ठांच्या गुणाकारात कनिष्ठांचा प्रकृतिगुणित गुणाकार मिळविला की नवे ज्येष्ठ येते. आणि क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप होतो.

या क्रियेचे नाव ‘भावना’. आजच्या मराठी विद्यार्थ्यास हा शब्द बीजगणितात भेटला तर तो थबकल्याशिवाय राहणार नाही, कारण त्याच्या लेखी भावना ही मनात असते. मूळ अर्थ मात्र ‘भू’ धातूच्या प्रयोजक रूपाचा आहे : व्हावयास लावणे, अस्तित्वात आणणे. मीमांसकांनी तो शब्द याच अर्थाने पारिभाषिक केला. वैद्य औषधाच्या चूर्णास रसाची भावना देतात, तेथेही एका द्रव्याने दुसऱ्यास संस्कारून नवे काही घडविण्याची कल्पना आहे. दोन जोड्यांपासून तिसरी ‘भाविली’ जाते, असे ब्रह्मगुप्ताच्या परंपरेने म्हटले, ते नेमके आहे. आधुनिक गणितात अशा क्रियेस जे संयोजन म्हणतात, त्याची जाणीव नावातच उमटली आहे.

भावनेने ब्रह्मगुप्ताने पुष्कळ उदाहरणे सोडविली. ९२ या प्रकृतीस कनिष्ठ १२० आणि ज्येष्ठ ११५१ हे त्याचेच उत्तर. असे उदाहरण जो वर्षाच्या आत सोडवील तो गणक, असेही तो म्हणतो. परंतु भावना सुरू होण्यास आरंभीची सोयीची जोडी लागते, आणि ती प्रत्येक प्रकृतीस सहज मिळत नाही. ही उणीव भरून काढणारी रीत म्हणजे चक्रवाल. ती भास्कराचार्यांची असे पुष्कळ दिवस मानले जात असे. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी लखनौच्या ‘गणित’ या नियतकालिकात दाखवून दिले की, ‘लघुभास्करीया’वरील उदयदिवाकराच्या ‘सुन्दरी’ नामक टीकेत आचार्य जयदेव नावाच्या गणकाची सूत्रे उद्धृत आहेत, आणि त्यांत चक्रवाल आहे. ती टीका इ. स. १०७३ ची. म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वी निदान चार दशके ही रीत प्रचारात होती. जयदेवाविषयी आपणास याहून फारसे काही माहीत नाही. त्याचा ग्रंथ उपलब्ध नाही. ज्याचा ग्रंथ गेला त्याचे श्रेय नंतरच्याच्या खात्यावर जमा होते, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासातही नेहमीचाच आहे.

एकसष्टच्या उदाहरणात चक्रवाल कसे चालते ते सविस्तर पाहणे इष्ट आहे. कारण येथे रीतीचे लाघव डोळ्यांनी दिसते. आरंभी कनिष्ठ १ धरावे. एकसष्टला जवळचा वर्ग ६४, म्हणून ज्येष्ठ ८ आणि क्षेप ३. आता असा गुणक हवा की, कनिष्ठास त्याने गुणून ज्येष्ठ मिळविले असता क्षेपाने, म्हणजे तीनने, निःशेष भाग जावा. येथे कुट्टकाची गाठ पडते. १, ४, ७, १० असे गुणक चालतात. त्यांपैकी ज्याचा वर्ग एकसष्टच्या सर्वांत जवळ तो घ्यावयाचा, म्हणून ७. त्यावरून नवे कनिष्ठ ५, नवे ज्येष्ठ ३९, आणि क्षेप उणे ४. पडताळा सोपा आहे : ३९ चा वर्ग १५२१, आणि २५ × ६१ = १५२५.

क्षेप चार आल्याबरोबर भास्कराचार्य चक्र थांबवितात. मुळांना दोनने भागले की क्षेपास चारने भाग जातो, म्हणून कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप उणे १. अपूर्णांक आले म्हणून ते बिचकत नाहीत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या जोडीची तिच्याशीच भावना केली की कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप १. क्षेप इष्ट तो आला, पण मुळे अद्याप भिन्न. म्हणून पुन्हा पहिल्या जोडीशी भावना : कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप उणे १. आता मुळे अभिन्न झाली, क्षेप मात्र ऋण. या जोडीची स्वतःशी एकवार भावना केली की ऋणास ऋणाने गुणून धन क्षेप येतो, आणि कनिष्ठ २२६१५३९८०, ज्येष्ठ १७६६३१९०४९ ही मुळे प्रकट होतात. चारशे तीस वर्षांचे काम पाटीवर एका बैठकीत संपते.

युरोपात पुढे प्रचारात आलेल्या वितत अपूर्णांकाच्या रीतीने हेच उदाहरण केले, तर एकसष्टच्या वर्गमुळाचे अकरा पदांचे आवर्तन दोनदा पूर्ण करावे लागते. ऋण क्षेपही चालवून घ्यावा आणि चार आला की भावनेचा आधार घ्यावा, या दोन युक्तींनी भारतीय रीतीने वाट बरीच आखूड केली आहे.

‘चक्रवाल’ या नावाविषयी थोडे. कोशांत हा शब्द मंडळ या अर्थी येतो, आणि पृथ्वीला वेढणाऱ्या पौराणिक पर्वतासही तेच नाव आहे. गणितात त्याचा अर्थ असा की, एका फेऱ्यात जे फल निघाले तेच पुढील फेऱ्याचे साधन होते. मराठीत आपण चक्रवाढ व्याज म्हणतो, तेथील ‘चक्र’ हेच आहे : आलेले व्याज मुद्दलात मिळून पुढच्या मुदतीस स्वतः व्याज मिळवू लागते. सावकारी व्यवहारातील आणि बीजगणितातील शब्दांनी एकच कल्पना एकाच अवयवाने दर्शवावी, हा योगायोग असला तरी सूचक आहे.

आता ज्येष्ठ मुळाचे काही गुणधर्म. ते २९७१८ च्या वर्गाच्या दुपटीहून एकाने अधिक आहे. आणि ३८०५ च्या वर्गास १२२ ने गुणून येणाऱ्या संख्येहून एकाने उणे आहे. म्हणजे तिच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन्ही शेजारी संख्या शेवटच्या भावनेत वापरलेल्या मुळांचेच ठसे बाळगून आहेत. लोकव्यवहारात आपण तिचा उच्चार एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास असा करू. त्यातील एकोणीस व एकोणपन्नास ही दोन्ही पदे ‘एक ऊन’ या घटनेची, आणि संख्याही एकाने ऊन अशीच उपजलेली. अर्थात यात चमत्कृतीपलीकडे काही नाही. ‘लीलावती’तील स्थाननामांनी ती वाचली तर एक अब्ज, सात अर्बुद, सहा कोटी, सहा प्रयुत, तीन लक्ष, एक अयुत, नऊ सहस्र, चार दश आणि नऊ. शतस्थानी शून्य आहे.

ही संख्या दृढ, म्हणजे अविभाज्य, नाही. तिचे अवयव ११, ५९, १५२३ आणि १७८७. यांतील १५२३ वाचकाने ओळखला असेल : अर्ध्या रस्त्यावर १५२३/२ असे जे ज्येष्ठ मूळ भेटले होते, तेच येथे भाजक होऊन बसले आहे. हे आकस्मिक नाही. भावनेच्या घडणीतूनच तसे निष्पन्न होते. शब्दाच्या पोटात त्याच्या जुन्या रूपाचा अवशेष राहावा, तसे हे आहे. आणखी असे की, ज्येष्ठास कनिष्ठाने भागले असता एकसष्टचे वर्गमूळ सतराव्या दशांशस्थळापर्यंत बरोबर मिळते. करणीगत राशीचे मूल्य जवळजवळ काढण्यास ही मुळे किती उपयोगी पडतात, याची यावरून कल्पना यावी.

पाठचिकित्सेच्या दृष्टीनेही या संख्येचे महत्त्व आहे, आणि तिकडे माझ्या माहितीप्रमाणे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. हस्तलिखितांत आकड्यांची दुर्दशा सर्वांत अधिक होते. नकलकारास शब्द चुकला तर अर्थ खटकतो; आकडा चुकला तर काहीच खटकत नाही. पण येथे दोन संख्या एकमेकींस अशा बांधल्या आहेत की, कोणताही एक अंक बदलला तर संबंध तुटतो. पूर्ण गुणाकार न करताही बरेच कळते. अंकांची बेरीज ४६, म्हणून नवाने भागता शेष १ राहतो. कनिष्ठास नवाने निःशेष भाग जातो. म्हणून दोन्ही बाजूंस शेष एकच. परंतु शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले, उदाहरणार्थ १७६६३१९०४९ च्या ऐवजी १७६६३९१०४९ झाले, तर नवाचा पडताळा फसतो, कारण बेरीज बदलत नाही. तेथे अकराचा पडताळा घ्यावा : मूळ संख्येस अकराने भाग जातो, उलटापालट झालेल्या संख्येस पाच शेष उरतात. शब्दांच्या पाठभेदांत असा निर्णायक न्यायाधीश आम्हांस कधीच लाभत नाही.

काही युरोपीय इतिहासकारांनी या सर्व विद्येचे मूळ ग्रीक असावे असे सुचविले. त्यांच्या बाजूने दाखविण्याजोगे सर्वांत बलवान उदाहरण म्हणजे आर्किमिडीजच्या नावावर असलेले गोधनाचे कोडे, जे लेसिंगने १७७३ मध्ये प्रसिद्ध केले. ते सोडवू गेले असता ४७२९४९४ या प्रकृतीची वर्गप्रकृती उपस्थित होते हे खरे. १८८० मध्ये आमथोरने दाखविले की, कळपातील जनावरांची संख्या २,०६,५४५ अंकांची भरते. परंतु त्या ग्रीक पद्यात प्रश्न आहे, उत्तर नाही आणि रीतही नाही. कठीण प्रश्न विचारता येणे आणि तो सोडविता येणे यांत जे अंतर आहे, ते आपल्या संख्येने ओलांडलेले आहे. या एका मुद्द्यावर तरी ग्रीक मुळाची कल्पना निराधार ठरते, असे मला वाटते.

पाच शतकांनी हीच संख्या फ्रान्समध्ये पुन्हा वर आली. १६५७ मध्ये फर्माने युरोपातील गणितज्ञांस वर्गप्रकृतीचे आव्हान दिले, आणि फ्रेनिकल यास लिहिताना उदाहरणादाखल ६१ व १०९ या प्रकृती घेतल्या. फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या दिल्या, अशी त्याची मखलाशी होती. वस्तुतः १०९ चे ज्येष्ठ मूळ १५८०७०६७१९८६२४९ असे पंधरा अंकी आहे. फर्मास ‘बीजगणित’ ठाऊक असल्याचा काहीही पुरावा नाही, आणि तसे मानण्याची आवश्यकताही नाही. लहान प्रकृती आणि अवाढव्य मूळ असे उदाहरण जो कोणी हुडकील तो एकसष्टपाशी येऊन थांबेल. शंभराच्या आत याहून मोठे मूळ मागणारी प्रकृती नाही. भास्कराचार्य आणि फर्मा या दोघांनीही तीच निवडावी, यावरून एवढेच दिसते की, दोघांसही आपल्या रीतीचा कस कोठे लागतो हे अचूक ठाऊक होते.

आव्हान इंग्लंडमध्ये ब्राउंकर आणि वॉलिस यांनी स्वीकारले व रीत शोधून काढली. त्यांचा पत्रव्यवहार वॉलिसने १६५८ मध्ये छापला. पुढे ऑयलरने ती रीत चुकून जॉन पेल या दुसऱ्याच इंग्रज गणितज्ञाच्या नावावर घातली, आणि तेव्हापासून जगभर ‘पेलचे समीकरण’ हे नाव चालले आहे. उत्तर नेहमीच अस्तित्वात असते हे लाग्रांजने १७६८ मध्ये सिद्ध केले. त्याचा मृत्यू १८१३ मध्ये झाला. त्याच वर्षी स्ट्रेचीने अताउल्ला रुश्दीच्या सतराव्या शतकातील फारसी भाषांतरावरून ‘बीजगणिता’चा इंग्रजी परिचय करून दिला, आणि कोलब्रुकचे थेट संस्कृतवरून केलेले भाषांतर १८१७ मध्ये निघाले. लाग्रांजच्या दृष्टीस एकसष्टचे जुने उत्तर पडले नाही. हांकेलने मात्र १८७४ मध्ये, लाग्रांजपूर्वी संख्याशास्त्रात झालेली ही सर्वोत्तम कामगिरी होय असा मुक्तकंठाने निर्वाळा दिला.

येथे आपल्या बाजूचीही उणीव सांगितली पाहिजे. चक्रवाल प्रत्येक प्रकृतीस अखेर एक क्षेपापर्यंत पोचतेच, याची उपपत्ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती पोचते असा त्यांना अनुभवाने विश्वास होता. सिद्धता ही वेगळी वस्तू. म्हैसूरचे प्राध्यापक अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० च्या सुमारास चक्रवालाची उपपत्ती मांडली, आणि १९७५ मध्ये सेलेनियस यांनी त्या रीतीच्या लाघवाचे विवेचन केले. भाषाभ्यासकांस हे जाणून मौज वाटेल की, कवी व लोकसाहित्याचे अभ्यासक ए. के. रामानुजन हे या कृष्णस्वामींचे चिरंजीव.

नावाचा प्रश्न राहतो. पेलचे नाव काढून तेथे भास्कराचे घालावे, अशी सूचना अधूनमधून होते. ती मला मान्य नाही. तसे केल्याने पेलच्या जागी अधिक योग्य पुरुष येईल, पण ब्रह्मगुप्तावर आणि ग्रंथहीन जयदेवावर नवा अन्याय होईल. शिवाय आपल्यापाशी ‘वर्गप्रकृती’ हा तेराशे वर्षांहून अधिक काळ चाललेला, व्यक्तीचे नव्हे तर वस्तूचे नाव सांगणारा शब्द असताना मराठी पाठ्यपुस्तकांनी ऑयलरची चूक लिप्यंतर करून का गिरवावी, हे समजत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ मराठीत लिहिला, तेव्हा त्यांना परिभाषेसाठी कोणाच्या दारी जावे लागले नाही. क्षेप, भावना, कनिष्ठ, ज्येष्ठ हे शब्द वर्गात वापरले, तर विद्यार्थ्यास मूळ ग्रंथाचे पानही उघडता येईल.

चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ राजांनी त्यास दाने दिली, असे त्यात नमूद आहे. काळ शके ११२८. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. परंतु शेवटी बाजारात येणाऱ्या मालावरील कोणकोणता कर मठास द्यावयाचा हे सांगताना लेखकाने संस्कृत सोडले आहे, आणि तो मजकूर मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. चक्रवाल शिकणाऱ्यांच्या निर्वाहाची तरतूद ज्या भाषेत लिहिली गेली, ती आपली भाषा होती.